फ्रेंचमध्ये ल, ला, ले आणि अँ, युन, दे कोठे वापरावे?

मराठीत नसलेली ही उपपदे, म्हणजे इंग्रजीतल्या a, the सारखे नामाआधी येणारे शब्द, फ्रेंचमध्ये नेमकी कोठे वापरावीत, आणि १९६१ पूर्वी पोर्तुगीज शाळेत शिकलेल्या आजोबांच्या मदतीने नामांची लिंगे पाठ करता येतील का, असे आपण विचारले आहे. मी फोंड्याला फ्रेंचच्या शिकवण्या घेते आणि हे दोन्ही प्रश्न मला दरवर्षी ऐकायला मिळतात.

मराठीत उपपदे नसली तरी त्यांमागची जाणीव आपल्याला असते. "म्हापशाच्या बाजारातून मी एक मासा आणला. मासा ताजा आहे," असे आपण म्हणतो, तेव्हा पहिल्या वाक्यातला मासा ऐकणाऱ्याला नवा असतो आणि दुसऱ्यातला ओळखीचा. फ्रेंच माणूस पहिल्या ठिकाणी 'अँ प्वासों' म्हणेल, दुसऱ्या ठिकाणी 'ल प्वासों'. स्त्रीलिंगी नामाला युन आणि ला लागतात, अनेकवचनी नामाला दे आणि ले.

खरी अडचण पुढे येते. "मला मासे आवडतात" या वाक्यात ठरावीक मासा नसल्यामुळे बहुतेक विद्यार्थी 'दे' लिहितात. परंतु आवडनिवड सांगताना फ्रेंच भाषा त्या वस्तूचा सरसकट विचार करते, म्हणून 'झेम ल प्वासों' हेच बरोबर. "मी मासे खाते" असे म्हणताना मात्र जगातले सगळे मासे नव्हे, त्यांतला थोडासा भाग पानात येतो, म्हणून 'झ मांझ द्यू प्वासों'. नकारात या द्यूचे द होते, 'झ न मांझ पा द प्वासों'. "मला मासे आवडत नाहीत" याच्या 'झ नेम पा ल प्वासों' या रूपात ल जागचे हलत नाही. ही चार वाक्ये मोठ्याने म्हणून जिभेवर बसवा, कारण पुस्तक-पुस्तके असा फरक फ्रेंच नामाच्या उच्चारात सहसा ऐकू येत नाही: 'ल लिव्र' आणि 'ले लिव्र' यांतले वचन केवळ उपपदावरून कळते.

आजोबांची मदत अवश्य घ्या. दोन्ही भाषा लॅटिनपासून आल्यामुळे पुष्कळ लिंगे जुळतात, पण आपल्या दारातला समुद्रच फसवतो: पोर्तुगीज 'उ मार' पुल्लिंगी, तर फ्रेंच 'ला मेर' स्त्रीलिंगी. म्हणून प्रत्येक शब्द कोशात पडताळून वहीत अँ किंवा युन लावूनच लिहावा. 'ला' आणि 'एकोल' (शाळा) मिळून 'लेकोल' असे लिहिले तर ला मधला स्वर गळाल्यामुळे शाळेचे लिंग झाकले जाते, 'युन एकोल' मध्ये ते स्पष्ट दिसते.