काळोख्या हिवाळ्यात घरात उजेड आणि उभारी कशी आणावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: हिवाळ्यात दिवस जेमतेम उजाडतो, आभाळ सतत भरलेलं, काम घरूनच, दुपारी चारलाच दिवे लावावे लागतात. मन मिटून जातं आणि काही नवं करावंसंच वाटत नाही. घर न बदलता या दिवसांत घरात उजेड कसा आणावा, आणि मनाला पालवी कशी फुटावी?

मी उत्तरेकडच्या अशाच अंधारात, घरूनच काम करत बरेच हिवाळे काढले आहेत. त्यामुळे आधी मुद्द्याचं सांगते. संध्याकाळी घर उजळवायच्या मागे लागू नका, सकाळ उजळवा. आणि खोलीत उजेड किती आहे हे बघण्यापेक्षा तो तुमच्या डोळ्यांपर्यंत किती पोचतो ते बघा. बाकीचं सगळं यातूनच येतं.

उजेडाचा अंदाज घेताना आपण हमखास फसतो, कारण डोळे लगेच जुळवून घेतात. सगळे दिवे लावले की खोली लख्ख वाटते, पण तिथे मोजून बघितलं तर १०० ते ३०० लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) भरतात. त्याच वेळी बाहेर कितीही मळभ असलं तरी भर दुपारी एक हजार ते काही हजार लक्स असतात, आणि उन्हाळ्यातल्या रखरखीत उन्हात लाखाच्या आसपास. म्हणजे ज्या दिवसाला आपण ‘काय हा अंधार’ म्हणतो, तो दिवससुद्धा घरातल्या दिव्यांपेक्षा कितीतरी पट उजळ असतो. फोनवर लक्स मोजणारं एखादं ॲप घ्या. त्याचे आकडे काटेकोर नसतात, पण इथली आणि तिथली तुलना करायला पुरतात. फोन डोळ्यांच्या उंचीवर, तुम्ही जिकडे बघता तिकडे तोंड करून धरा. माझ्या टेबलावर एका ढगाळ सकाळी, खिडकीला अगदी लागून बसल्यावर हजाराच्या पुढचा आकडा दिसत होता. खुर्ची दोन मीटर मागे सरकवली तर तो दीडशेच्या आसपास आला. खोली तीच, वेळ तीच, आणि मला मात्र दोन्ही जागा सारख्याच उजळ वाटत होत्या!

हा फरक शरीराला का कळतो आणि मनाला का कळत नाही, याचं कारण डोळ्यातच आहे. डोळ्याच्या पडद्यावर काही पेशी अशा असतात की त्यांचं मुख्य काम बघणं नव्हे, तर दिवस आहे की रात्र हे मेंदूतल्या घड्याळाला कळवणं. त्यांच्यात मेलानोप्सिन नावाचं रंगद्रव्य असतं. ते १९९८ साली सापडलं, आणि माणसाच्या डोळ्यातही ते आहे हे पुढच्या काही वर्षांत स्पष्ट झालं. या पेशी ४८० नॅनोमीटरच्या आसपासच्या निळसर प्रकाशाला सर्वांत जास्त दाद देतात, आणि त्यांना भरपूर उजेड लागतो, तोही बराच वेळ. दिवसभर दीडशे लक्समध्ये बसलेल्या माणसाच्या घड्याळाला दिवस उगवल्याची नीट वर्दीच मिळत नाही.

शिवाय हे घड्याळ चोवीस तासांचं नसतंच. १९९९ साली हार्वर्डमधल्या संशोधकांनी मोजलं तेव्हा ते सरासरी २४ तास ११ मिनिटांच्या आसपास निघालं. रोज सकाळचा उजेड ते मागे ओढून जागेवर आणतो. तो मिळाला नाही की झोप पुढे पुढे सरकते, उठणं जड होतं, आणि सकाळी अकराला जो ताजेपणा यायचा तो रात्री अकराला येतो. तुम्ही ज्याला मन मिटणं म्हणता त्यातला बराच भाग हा असू शकतो. आळशीपणा म्हणून स्वतःला बोल लावायचं काहीच कारण नाही.

तेव्हा पहिलं काम: टेबल खिडकीशी नेऊन लावा. खिडकी पाठीशी नको, समोर किंवा बाजूला हवी. पडदे सकाळी उठल्याउठल्या पूर्ण बाजूला सारा, काचेच्या कडेवर लोंबत ठेवू नका, कारण वरचा आणि कडेचा भाग म्हणजेच आभाळ, आणि उजेड तिथूनच येतो. खिडकीच्या कट्ट्यावर साठलेल्या वस्तू हलवा. काच आतून-बाहेरून पुसा. पांढरी भिंत तिच्यावर पडलेल्या उजेडातला साधारण ८० टक्के परत पाठवते, गडद रंगाची दहा-वीस टक्केही नाही. सगळं घर रंगवायची गरज नाही. खिडकीला काटकोनात असलेली एक भिंत पांढरी झाली किंवा तिच्यावर मोठं पांढरं कापड ताणलं तरी फरक जाणवतो. आणि शक्य असेल तर न्याहारीनंतर दहा-वीस मिनिटं दाराबाहेर उभे राहा. घरातला कुठलाही दिवा त्याची बरोबरी करत नाही. फक्त खिडकीत बसून ड जीवनसत्त्व मिळेल अशी समजूत ठेवू नका. ते तयार करणारे किरण काच अडवते, आणि उत्तरेकडे हिवाळ्यात ते बाहेरही फारसे पोचत नाहीत. तो विषय वेगळा, तो डॉक्टरांशी बोलून सोडवायचा.

आता माझ्या सर्वांत आवडत्या गोष्टीकडे येते. दक्षिणेकडे उघडणारी एक जरी खिडकी तुमच्याकडे असेल (दक्षिण गोलार्धात राहत असाल तर उत्तरेकडची), तर हिवाळा तुमच्या घरात उन्हाळ्यापेक्षा जास्त खोल ऊन आणतो. ऐकायला विचित्र वाटेल, पण साधी भूमिती आहे. ५० अंश अक्षांशावर २१-२२ डिसेंबरला भर दुपारी सूर्य क्षितिजापासून फक्त साडेसोळा अंश वर असतो. खिडकीची वरची कड जमिनीपासून दोन मीटरवर असेल तर उन्हाचा कवडसा सुमारे पावणेसात मीटर आत येतो. जूनमध्ये तोच कवडसा एका मीटरवर थांबतो. ६० अंशांवर तर सूर्य जेमतेम साडेसहा अंश वर येतो, आणि समोर काही आड येत नसेल तर ऊन जमीन ओलांडून थेट पलीकडच्या भिंतीवर चढतं. वर्षभर ज्या कोपऱ्याला कधी ऊन लागत नाही, तिथे ते वर्षातल्या सर्वांत काळोख्या आठवड्यातच जातं.

म्हणून एक करून बघा, मी दर हिवाळ्यात करते. ऊन पडेल त्या दिवशी बरोबर बाराला कवडशाच्या टोकावर भिंतीवर पेन्सिलीने बारीक रेघ ओढा आणि शेजारी तारीख लिहा. २१ डिसेंबरच्या आसपास रेघा एकमेकींना चिकटून येतात, चार-पाच दिवस काहीच हललं नाही असं वाटतं. जानेवारीच्या मध्यानंतर मात्र त्यांच्यातलं अंतर वाढू लागतं आणि फेब्रुवारीत ते डोळ्यांनी सहज दिसतं. दिवस मोठा होतोय हे कॅलेंडरात वाचणं वेगळं आणि आपल्याच भिंतीवर बोटाने मोजणं वेगळं. ऊन आलं की मी हातातलं काम सोडून त्या कवडशात जाऊन बसते. इकडे कधी तासभर ऊन येतं, कधी दहाच मिनिटं. ते कुठे आणि किती वाजता येतं हे माहीत असलं की ते निसटत नाही.

आणखी एक गोष्ट माहीत असली की जानेवारीचा जाच कमी होतो. सर्वांत लहान दिवस २१-२२ डिसेंबरला असला तरी सर्वांत लवकर मावळणारा सूर्य त्याच दिवशी नसतो. ५० अंशांच्या आसपास तो १२ डिसेंबरच्या सुमारास मावळतो, आणि सर्वांत उशिरा उगवणारा सूर्य असतो डिसेंबरच्या अगदी अखेरीस. त्या काळात सूर्याच्या एका माध्यान्हापासून दुसऱ्या माध्यान्हापर्यंत २४ तासांपेक्षा सुमारे अर्धा मिनिट जास्त लागतो, म्हणून हा फरक पडतो. थोडक्यात, संध्याकाळी डिसेंबरच्या मध्यापासूनच सावरू लागतात, पण सकाळी नव्या वर्षापर्यंत आणखी काळवंडत जातात. सकाळी उठणं जानेवारीच्या सुरुवातीला सर्वांत कठीण वाटतं ते काही उगाच नाही.

आता दिव्यांबद्दल. उजेड-उपचाराचे खास दिवे मिळतात. १९८४ साली अमेरिकेतले मनोविकारतज्ज्ञ नॉर्मन रोझेन्थाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दर हिवाळ्यात परत येणाऱ्या नैराश्याचं वर्णन केलं आणि त्यावर तेजस्वी उजेडाचा उपयोग करून बघितला, तिथून ही पद्धत रुजली. सध्याची नेहमीची मात्रा अशी: १०,००० लक्स, सकाळी उठल्यावर लवकर, सुमारे अर्धा तास. खोक्यावरचा १०,००० चा आकडा एका ठरावीक अंतराचा असतो, बहुतेकदा फूट-दीड फुटाचा. अंतर दुप्पट केलं की उजेड जवळजवळ चौथ्या हिश्श्यावर येतो, म्हणून टेबलाच्या पलीकडच्या टोकाला ठेवलेला दिवा केवळ शोभेचा राहतो. त्याच्याकडे टक लावून बघायचं नाही. तो थोडा बाजूला, डोळ्यांच्या पातळीच्या जरा वर ठेवून आपलं वाचन करायचं. अतिनील किरण गाळलेलाच दिवा घ्या.

मात्र तुम्हाला किंवा घरात कोणाला द्विध्रुवी (बायपोलर) मनोविकार असेल, डोळ्यांच्या पडद्याचा आजार असेल, किंवा प्रकाशाला संवेदनशील करणारी औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा दिवा लावू नका. आणि दोन आठवड्यांहून जास्त दिवस रोज उदास वाटत असेल, कशातच रस उरला नसेल, झोप आणि भूक बिघडली असेल, तर खिडकी आणि दिवे यांच्यावर विसंबून राहू नका, डॉक्टरांकडे जा. जगणं नकोसं वाटत असेल तर आजच जा, घरच्या कोणाला तरी सांगा. यावर उपचार आहेत आणि ते चालतात. २००६ सालच्या कॅनडातल्या एका चाचणीत उजेड आणि फ्लुऑक्सेटीन हे नैराश्यावरचं औषध या दोन्हींचा सारखाच उपयोग झाला होता. विचार आणि वागणूक यांवर काम करणारी समुपदेशनाची पद्धतही हिवाळी नैराश्यावर चांगली चालते.

संध्याकाळ मात्र अंधारू द्या. २०२२ साली या विषयातल्या शास्त्रज्ञांच्या एका गटाने एकमताने आकडे सुचवले: दिवसा डोळ्यांच्या पातळीवर किमान २५० लक्स, झोपण्याआधीच्या तीन तासांत जास्तीत जास्त १०, आणि झोपेत १. हे आकडे मेलानोप्सिनला जाणवणाऱ्या उजेडाचे आहेत. २७०० केल्विनच्या पिवळसर दिव्याचे नेहमीचे लक्स इथे साधारण निम्मेच धरले जातात, म्हणून असे दिवे रात्री बरे आणि दिवसा अपुरे. दिवेलागणीनंतर छतावरचा मोठा दिवा बंद करा, कमरेच्या उंचीवर एक-दोन लहान दिवे ठेवा. अंधाराशी भांडायचं थांबवलं की संध्याकाळी बोलायला, वाचायला, हाताने काही करायला मोकळ्या होतात. हिवाळ्यातली संध्याकाळ मला आता आवडते, आणि सकाळ उजळ मिळायला लागल्यावरच ती आवडायला लागली.

पालवीचं म्हणाल तर मोठे संकल्प या दिवसांत करू नका, ते टिकत नाहीत. घरात एखादी अशी गोष्ट आणा जी रोज थोडी बदलते. माझ्या मते फुलाचा कंद सर्वांत चांगला. अमॅरिलिसच्या कंदाला थंडीत ठेवायची गरज नसते. कुंडीत तो निम्म्याहून जरा कमी मातीबाहेर राहील असा लावा, पाणी बेताचं घाला, आणि उबदार उजेडाची जागा द्या. सहा ते आठ आठवड्यांत फूल येतं. सुरुवातीला नुसतं हिरवं टोक दिसतं, पंधरा दिवस काही होत नाही, आणि मग देठ इतक्या वेगाने वर चढतो की सकाळची उंची आणि रात्रीची उंची वेगळी दिसते. देठ खिडकीकडे झुकतो, म्हणून कुंडी रोज थोडी फिरवावी लागते. पडदा उघडायला तेवढंच एक कारण. मांजर-कुत्रं असेल तर कुंडी त्याच्या तोंडाला लागणार नाही अशी ठेवा, तो कंद त्यांना विषारी असतो.

तुमच्या घरात ऊन येतच नसेल तरी हातपाय गाळू नका. नॉर्वेतलं र्‍युकान हे गाव दरीत असल्यामुळे हिवाळ्यात अनेक महिने सूर्याला मुकतं. २०१३ साली त्यांनी डोंगरावर सूर्यामागे फिरणारे तीन मोठे आरसे बसवले आणि चौकात ऊन पाडलं. घरातला आरसा असा चमत्कार करणार नाही, पण समोरच्या उजळ भिंतीचा किंवा आभाळाचा तुकडा ज्यात दिसतो अशा जागी तो लावला तर तेवढा उजेड आत वळतो. खिडकीसमोर उभं राहून आरसा हातात धरा आणि खोलीत एकेका ठिकाणी फिरवून बघा, जागा लगेच सापडते.

तुमच्या खिडक्या कोणत्या दिशेला आहेत आणि समोर इमारत किंवा झाडं आहेत का, एवढं लिहिलंत तर टेबल आणि आरसा कुठे ठेवावा ते जास्त नेमकं सांगता येईल.