सेल्फ-ग्रिपिंग जाळी घेतली तर हर्निया परत येणार नाही का?

प्रश्न असा आहे: वडील कोल्हापूरजवळ गुऱ्हाळावर काम करतात, जांघेत हर्निया आहे, डॉक्टरांनी ऑपरेशनात कमकुवत जागेवर बसवायला ही टाक्यांशिवाय स्वतःच चिकटणारी महागडी जाळी सुचवलीय, जादा पैसे सार्थकी लागतील का?

ऑपरेशनची काही मिनिटं वाचतात, एवढं नक्की. हर्निया परत येण्याचं आणि पुढे रेंगाळणाऱ्या दुखण्याचं प्रमाण मात्र टाक्यांनी बसवलेल्या साध्या जाळीइतकंच राहतं. तुलनात्मक चाचण्यांत हेच पुन्हा पुन्हा दिसलंय.

या जाळीच्या एका बाजूला पॉलिलॅक्टिक ॲसिडचे बारीक आकडे असतात. ते स्नायूत रुततात आणि दीडेक वर्षानंतर विरघळतात. तोवर जाळीत आपलंच मांस भरून ती पक्की होते. अडचण हीच की ती टेकली की चिकटते. घडी पडली तर सोडवताना ओढाताण होते. जांघेच्या आतल्या टोकाला, हाडाच्या उंचवट्यापलीकडे ती दीड-दोन सेंटीमीटर गेलीच पाहिजे. तिथे तोकडी पडली की हर्निया त्याच कोपऱ्यातून परत डोकावतो. म्हणून जाळीच्या नावापेक्षा सर्जनचा तिच्यावर हात किती बसलाय, ते आधी विचारा.

चालणं त्याच दिवशी सुरू करायचं. ३० किलोचा गुळाचा रवा (ढेप) मात्र ४ ते ६ आठवडे उचलायचा नाही. खोकला, बद्धकोष्ठता असेल तर ऑपरेशनआधीच उपचार घ्या. नंतर ताप आला किंवा जखमेतून पू आला तर लगेच दाखवा.