ऐकताना थाप वाटते पण खरी निघते, अशी माहिती कोणती?

तुमचा प्रश्न असा आहे, की ऐकल्यावर 'काहीतरीच काय!' असं वाटावं आणि तपासल्यावर मात्र खरी निघावी अशी कोणती माहिती तुम्हाला ठाऊक आहे?

असलं काहीबाही गोळा करायचा मला जुना नाद. पूर्वी दिसेल ते वहीत उतरवायचो. हल्ली 'असं का?' याचं उत्तर मिळालं तरच लिहितो. केळं वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने बेरी आहे आणि स्ट्रॉबेरी नाही, हे खरंच आहे, पण त्यातली गंमत नावापुरती. दोन मिनिटांत विरते.

त्यापेक्षा पत्र्याचा डबा घ्या. अन्न डबाबंद करून टिकवायचं पेटंट ब्रिटनमध्ये पीटर ड्युरँड यांनी १८१० मध्ये घेतलं. डबा उघडायचं खास हत्यार, म्हणजे ओपनर, आलं १८५० च्या दशकात. मधली चाळीसेक वर्षं लोक काय करत होते? छिन्नी आणि हातोडी. सैनिक असेल तर संगीन. हे वाचून आधी हसू येतं, 'एवढी साधी गोष्ट सुचू नये?' पण ते डबे आजच्यासारखे नव्हते. जाड लोखंडी पत्रा, हाताने डाग देऊन बंद केलेला. गिऱ्हाईक मुख्यतः आरमार आणि लांबच्या मोहिमांवर निघालेले लोक, म्हणजे ज्यांच्याकडे हत्यारं असायचीच. हाताच्या जोरावर कापता येईल इतका पत्रा पातळ झाला, तेव्हा कुठे ओपनरला अर्थ आला.

फॅक्सचंही असंच उलटं. टेलिफोनचं पेटंट १८७६ चं, तर तारेवरून चित्र पाठवायच्या यंत्राचं पेटंट अलेक्झांडर बेन यांनी १८४३ मध्येच घेतलं होतं. हा माणूस मुळात घड्याळजी. दोन्ही टोकांना एका लयीत झुलणारे लंबक ठेवायचे, इकडचा लंबक अक्षरांवरून फिरेल तसा तिकडचा कागदावर खूण उमटवेल, ही त्याची कल्पना. १८६५ मध्ये पॅरिस ते लियाँ अशी अशा प्रकारची सेवा सुरूसुद्धा झाली, अर्थात दुसऱ्याच यंत्रावर.

पण माझी सगळ्यात लाडकी तारीख आहे ३० फेब्रुवारी १७१२. छपाईची चूक नाही. स्वीडनमध्ये हा दिवस खरोखर उजाडला होता.

झालं असं. स्वीडनला जुनी ज्युलियन दिनदर्शिका सोडून ग्रेगोरियन धरायची होती आणि त्यासाठी ११ दिवस गाळायचे होते. एकदम गाळले तर व्यवहारांचा गोंधळ होईल, म्हणून त्यांनी हप्त्यांनी फेडायचं ठरवलं. १७०० ते १७४० या काळात येणारा प्रत्येक २९ फेब्रुवारी वगळायचा, की चाळीस वर्षांत हिशेब चुकता. १७०० चा वगळला. तेवढ्यात मोठं युद्ध पेटलं आणि १७०४ व १७०८ ही दोन्ही लीप वर्षं नेहमीसारखी पाळली गेली. आता स्वीडनची तारीख जुन्या दिनदर्शिकेशी जुळेना आणि नव्याशीही नाही. एकीच्या एक दिवस पुढे, दुसरीच्या दहा दिवस मागे. शेवटी बाराव्या चार्ल्स राजाने ठरवलं, जुन्याकडेच परत जाऊ. परत जायचं तर आधी गाळलेला एक दिवस भरून द्यायला हवा. १७१२ लीप वर्ष होतंच, २९ तारीख आधीच होती, म्हणून तिच्यापुढे ३० लावली. आणि एवढं करून १७५३ मध्ये १७ फेब्रुवारीनंतर थेट १ मार्च धरला, म्हणजे जे टाळायला हा सगळा खटाटोप केला, तेच एका फटक्यात केलं. समित्यांच्या बैठकांना बसलेल्या कोणालाही हे ओळखीचं वाटेल!

आपल्या डोक्यात काळाचे कप्पे असतात आणि ते बरेचदा चुकीचे लावलेले असतात. क्लिओपात्रा म्हटलं की मागे पिरॅमिड दिसतो. पण ती वारली इसवी सनपूर्व ३० मध्ये आणि गिझाचा मोठा पिरॅमिड त्याच्या सुमारे अडीच हजार वर्षं आधीचा. म्हणजे काळाच्या हिशेबाने ती पिरॅमिडपेक्षा चांद्रयानाला जवळची. तो पिरॅमिड उभा राहिला तेव्हा आर्क्टिकमधल्या रँगेल बेटावर केसाळ मॅमथ अजून चरत होते. ते संपले साधारण चार हजार वर्षांपूर्वी. आणि फ्रान्समध्ये गिलोटीनने शेवटचा शिरच्छेद झाला १० सप्टेंबर १९७७ ला. त्याच्या पाचच दिवस आधी व्हॉयेजर १ हे यान निघालं होतं. ही जोडी मी पहिल्यांदा शेजारी शेजारी लिहिली तेव्हा दोन्ही तारखा पुन्हा तपासल्या होत्या.

शुक्राबद्दल मात्र अर्धीच गोष्ट फिरते : 'शुक्राचा दिवस त्याच्या वर्षापेक्षा मोठा.' स्वतःभोवती एक फेरी २४३ दिवसांत आणि सूर्याभोवती २२५ दिवसांत, हे आकडे बरोबर. पण एका सूर्योदयापासून पुढच्या सूर्योदयापर्यंतचा वेळ म्हणाल तर तो ११७ दिवसांचाच भरतो. कागद घेऊन करून बघा. शुक्र स्वतःभोवती रोज साधारण १.४८ अंश फिरतो आणि सूर्याभोवती १.६ अंश सरकतो. तो उलटा फिरत असल्यामुळे या दोन्हींची बेरीज होते : रोज ३.०८ अंश. ३६० ला त्याने भागा, ११७ च्या आसपास उत्तर येतं. उलट्या फिरण्यामुळेच तिथे सूर्य पश्चिमेला उगवतो. आणखी एक हिशेब मी मजेखातर केला. शुक्राचा घेर सुमारे ३८,००० किलोमीटर. विषुववृत्तावर पूर्वेकडे ताशी साडेतेरा किलोमीटरने सायकल हाणली, तर मावळता सूर्य मावळणारच नाही. अर्थात खाली ४६५ अंश सेल्सिअस तापमान आणि वर ढगांचं इतकं जाड झाकण, की सूर्य दिसायचाही नाही.

आता एक कबुली. 'चंद्रावरून चीनची भिंत दिसते' हे मी स्वतः कित्येकांना ठोकून दिलंय. भिंत हजारो किलोमीटर लांब आहे, पण रुंदी पाच-सहा मीटरच्या घरात. चंद्र ३,८४,००० किलोमीटरवर. त्याच प्रमाणात बघितलं, तर हे चार-एक किलोमीटरवरून डोक्याचा एक केस दिसण्यासारखं झालं. आणि लांबीचा तिथे उपयोग नाही, केस कितीही लांब असला तरी तो केसाएवढाच बारीक. चीनचे पहिले अंतराळवीर यांग लिवेई तर २००३ मध्ये पृथ्वीच्या अगदी जवळून फिरून आले, त्यांनाही ती दिसली नव्हती.

वहीतल्या त्या ओळीवर मी फुली मारली. पण ही गोष्ट आली कुठून ते शोधताना कळलं, की विल्यम स्टुकली या इंग्रज अभ्यासकाने ती एका पत्रात १७५४ मध्येच लिहून ठेवली होती. पहिला माणूस अवकाशात गेला १९६१ मध्ये. म्हणून फुलीच्या खाली नवी नोंद केली : अफवा, वय अवकाशप्रवासापेक्षा २०७ वर्षांनी जास्त. ही नोंद मात्र खरी आहे.