हातउसने पैसे आणि एका संदेशाची तारीख

फोंड्याचे एक वाचक लिहितात: ऑगस्ट 2022 मध्ये, चतुर्थीच्या तोंडावर, मेव्हण्याला टॅक्सी घ्यायला तीन लाख रुपये दिले. बँकेतून दिले, पण कागद केला नाही. परतफेडीचे वीस हजार एकदा यूपीआयने आले, नंतर व्हॉट्सअ‍ॅपवर 'तुजे पयशे शिगम्याक दितां' (तुझे पैसे शिगम्याला देतो) असा संदेश आला. आता मेव्हणा फोन उचलत नाही. गोव्यात दाव्याची मुदत लांब असते, असं त्यांचे काका म्हणतात. तर असे करार लेखीच हवेत असा कायदा का नाही, असा त्यांचा प्रश्न आहे.

असं पत्र सारखं येतं. मेव्हण्याच्या जागी कधी मित्र असतो, कधी शेजारी.

अहो, तो कायदा असता तर तुमचा दावा पैसे दिले त्याच दिवशी बुडाला असता. करार कायदा 1872 च्या कलम 10 खाली तोंडी करारही चालतो, म्हणून तर तुम्हाला काही आशा आहे. जमिनीची विक्री, वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा, लवादाचा करार यांना कागद लागतोच, आणि तो लागायलाच हवा. पण रोजंदारी, मासळीची उधारी, नात्यातले हातउसने पैसे यांवर सक्ती केली, तर ज्याला कागद करून घेता येतो त्याचंच फावेल.

तुमचं सगळं अडलंय ते त्या संदेशाच्या तारखेवर, आणि नेमकी तीच तुम्ही लिहिलेली नाही! उसन्या पैशांच्या दाव्याची मुदत पैसे दिल्यापासून तीन वर्षं. म्हणजे ती ऑगस्ट 2025 मध्ये संपली. गोव्यात मुदत लांब असते हे तुमच्या काकांचं म्हणणं विसरा. गोव्यातल्या जुन्या पोर्तुगीज नागरी संहितेतली मुदत करारांच्या दाव्यांना लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने सिंडिकेट बँकेच्या प्रकरणात 2001 मध्येच सांगितलं.

संदेश ऑगस्ट 2025 च्या आधीचा असेल, तर मुदत कायद्याच्या कलम 18 प्रमाणे तो देण्याची कबुली ठरू शकतो (लेखन आणि सही तिथेही लागते) आणि त्या दिवसापासून नवी तीन वर्षं मिळतात. रक्कम लिहिलेली नसली तरी चालतं. नंतरचा असेल, तर नुसत्या कबुलीचा उपयोग नाही. करार कायद्याचं कलम 25(3) मुदत गेलेल्या कर्जासाठी फेडण्याचं स्पष्ट, लेखी आणि सहीचं वचन मागतं. 'दितां' हे वचन धरता येईल. पण व्हॉट्सअ‍ॅपच्या संदेशावर सही आहे असं न्यायालय मानेल का, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. वीस हजारांचंही तसंच: अंशतः परतफेडीनेही मुदत वाढते, पण कलम 19 ला देणाऱ्याच्या हातचं किंवा सहीचं लेखन हवं. चेक असता तर सोपं होतं.

फोन बदलू नका, गप्पा पुसू नका. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र त्या संदेशासोबत जोडावं लागेल. मेव्हण्याच्या घरी जाऊन एवढंच लिहून घ्या: रक्कम, 'मी देणे लागतो व फेडीन', तारीख, सही. भांडायचं ते सहीनंतर. त्याने नकार दिला, तर संदेश घेऊन लगेच वकिलाकडे जा आणि दावा लावा. नुसत्या नोटिशीने मुदत थांबत नाही, आणि नोटिसा पाठवत तीन वर्षं घालवलेले लोक मला दर महिन्याला भेटतात.