हळदीचे पहिले परदेशी गिऱ्हाईक

प्रश्न : आम्ही पती-पत्नी मिरज तालुक्यात आठ वर्षांपासून हळद दळून विकतो. आमची पावडर पुण्या-मुंबईतील किराणा दुकानांत जाते. हळकुंडे आम्ही बाजार समितीच्या सौद्यातून घेतो. नातेवाइकांच्या ओळखीने दुबईतील एका व्यापाऱ्याने ५०० किलो पावडरीची मागणी केली आहे. भाव चांगला आहे, मात्र पैसे माल पोहोचल्यानंतर ९० दिवसांनी मिळतील, असे तो म्हणतो. आम्ही लगेच निर्यात परवाना काढावा काय?
— एक वाचक भगिनी, जि. सांगली

उत्तर : आपण ज्याला परवाना म्हणता, तो आयात-निर्यात संकेतांक विदेश व्यापार महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर ५०० रुपये शुल्कात मिळतो आणि त्यातील माहिती दरवर्षी एप्रिल ते जून या काळात अद्ययावत करावी लागते. याखेरीज मसाले मंडळाकडे निर्यातदार म्हणून नोंदणी, एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा केंद्रीय परवाना, बँकेच्या एडी कोडची (परकीय चलनाचे व्यवहार करणाऱ्या बँकेच्या संकेतांकाची) सीमाशुल्क विभागाकडे नोंद आणि एकात्मिक जीएसटी न भरता माल पाठवता यावा यासाठी दर आर्थिक वर्षी द्यायचे हमीपत्र एवढी तयारी लागते. एखादा जाणकार सनदी लेखापाल ही कामे मार्गी लावील. या कामांची धास्ती घेऊ नये.

मला काळजी वाटते ती आपण पत्रात सहज लिहून गेलेल्या एका वाक्याची : हळकुंडे सौद्यातून येतात. सौद्यातल्या मालात अनेक शेतकऱ्यांची हळद असते आणि ती कोणी कशी वाळवली, कोठे पॉलिश केली, हे दळणाऱ्याला सहसा कळत नाही. शिजवलेली हळद नीट वाळली नाही तर तिच्यात बुरशी धरते आणि त्या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होते. युरोपीय संघात हळदीसाठी त्याची एकूण मर्यादा किलोमागे १० मायक्रोग्रॅम आहे आणि त्यातील बी-१ या घातक प्रकाराची केवळ ५ मायक्रोग्रॅम. दुसरा धोका पॉलिशच्या वेळचा : हळकुंड पिवळेधमक दिसावे म्हणून कोणी लेड क्रोमेट हा शिसेयुक्त पिवळा रंग वापरला असेल, तर ते शिसे दळताना सगळ्या पावडरीत मिसळते आणि एका पोत्यामुळे संपूर्ण माल बाद होतो. आज आपले गिऱ्हाईक दुबईचे असले, तरी उद्या युरोपातून मागणी आली तर ती याच गोष्टींवर अडेल, आणि खाणाऱ्याच्या आरोग्याचा विचार केला तर मिरजेच्या गिऱ्हाइकालाही हीच काळजी लागू आहे.

म्हणून येत्या हंगामात परिसरातील आठ-दहा शेतकऱ्यांशी थेट बोलणी करावी. कोणत्या शेतातली हळद, कोणती औषधे फवारली, केव्हा शिजवली, किती दिवस वाळवली आणि पॉलिश कोणाकडे केले, याची नोंद लॉटनिहाय ठेवावी; दळण्यापूर्वी प्रत्येक लॉट एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारे राष्ट्रीय मंडळ) मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासून घ्यावा आणि त्याचा मोहोरबंद नमुना आपल्याजवळ जपून ठेवावा. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. ते वेष्टनावर छापायचे असेल तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते, आणि त्या नोंदणीसाठीही माल नेमका कोठला हे सांगता आले पाहिजे.

आता पैशाविषयी. ९० दिवसांची उधारी मान्य करू नये, हे मी स्पष्टपणे सांगतो. ओळख नातेवाइकांची आहे, परंतु पैसे बुडाल्यास दुबईत जाऊन ते वसूल करणे आपल्याला परवडणार नाही. ५०० किलोसाठी लेटर ऑफ क्रेडिट (खरेदीदाराच्या बँकेने पैसे देण्याची दिलेली लेखी हमी) काढण्याचा खर्चही नफ्याच्या मानाने जड जातो. त्यापेक्षा निम्मी रक्कम आगाऊ घ्यावी आणि उरलेल्या रकमेसाठी कागदपत्रे बँकेमार्फत पाठवावीत, म्हणजे पैसे भरल्याशिवाय मूळ बिल ऑफ लेडिंग (जहाजाने पाठवलेल्या मालाच्या मालकीचा कागद) त्या व्यापाऱ्याच्या हाती पडणार नाही आणि माल सुटणार नाही. मात्र ही सोय समुद्रमार्गाची आहे. विमानाने पाठवलेल्या मालाचे एअरवे बिल हे मालकीचे कागद नसते, त्यामुळे माल थेट खरेदीदाराच्या नावे पाठवला तर पैसे देण्यापूर्वीच तो त्याच्या ताब्यात जाऊ शकतो. पुढे व्यवहार वाढून उधारी द्यावीच लागली, तर १९५७ पासून कार्यरत असलेल्या ईसीजीसी या सरकारी विमा कंपनीकडून खरेदीदाराच्या बुडवेगिरीचा विमा घ्यावा.

भाव ठरवताना तो एफओबी आहे की सीआयएफ, हे लेखी विचारून घ्यावे. पहिल्यात न्हावाशेवा बंदरात माल जहाजावर चढेपर्यंतचाच खर्च आपला असतो. दुसऱ्यात दुबईपर्यंतचे भाडे आणि विमाही आपल्याच खिशातून जातो, आणि तो हिशेब केल्यावर ‘चांगला’ वाटलेला भाव पुष्कळदा पुण्याच्या भावाइतकाच उरतो. भारत आणि संयुक्त अरब अमिराती यांच्यात १ मे २०२२ पासून लागू असलेल्या व्यापार कराराखालील शुल्कसवलत हवी असल्यास मालासोबत मूळ देशाचे प्रमाणपत्र जोडावे लागते. तेथे विकायच्या पाकिटावर अरबी मजकूरही आवश्यक असतो. तो छापण्यापूर्वी त्या व्यापाऱ्याकडून लेखी तपासून घ्यावा आणि ५०० किलोऐवजी आधी २० किलोचा नमुना, त्याचेही पैसे घेऊनच, पाठवावा.