तळाला चार भोकं असलेली लाकडी वाटी: हे पाभरीचं चाडं आहे

तुम्ही विचारलंय की आजोळच्या माळ्यावर दोन वस्तू सापडल्या. एक जड लाकडी वाटी, तळाला चार भोकं. दुसरी लोखंडी कडी, तिला चहूबाजूंनी वाकडे आकडे. वाटीला कुणी मेणबत्तीची बैठक म्हणालं, कुणी उदबत्तीचं घर. आकड्यांना कुणी मांस टांगायचं साधन म्हणालं, तर कुणी थेट हत्यार.

आकड्यांचं आधी सांगतो, कारण ते सोपं आहे. तो गळ आहे. विहिरीवर पाणी शेंदताना दोर तुटला की कळशी नाहीतर बादली तळाला जायची. मग हा गळ दोराला बांधून सोडायचा आणि तळाशी हळूहळू फिरवत राहायचं. एखादा आकडा काठाला किंवा कडीला अडकला की ओढून घ्यायचं. आकडे चहूबाजूंना का, तर खाली भांडं उभं पडलंय की आडवं हे वरून दिसत नाही. गळ प्रत्येक घरी नसायचा. एकाकडे असला की सगळी आळी तोच मागून न्यायची.

आता वाटी. तुमचे फोटो मी मोठे करून पाहिले आणि माझ्या मनात शंका उरली नाही. हे चाडं आहे, पेरणीच्या पाभरीचं, म्हणजे बैलांनी ओढायच्या, ओळीत बी पेरणाऱ्या अवजाराचं. बी याच वाटीत सोडतात. त्या भोकांत खालून पोकळ बांबूचे नळे बसतात, नळ्यांची खालची टोकं फणांत, म्हणजे जमिनीत घुसणाऱ्या दात्यांत, जातात आणि फणाच्या लोखंडी फाळाने उघडलेल्या तासात, म्हणजे चरात, बी पडतं. चार भोकं म्हणजे चार फण. तीन असती तर मी तिफण म्हटलं असतं, दोन असती तर दुफण. नावं मात्र मुलखागणिक बदलतात: विदर्भ-मराठवाड्यात तिफण जास्त ऐकू येतं, पश्चिमेकडे आणि खानदेशात पाभर, कर्नाटकाच्या सीमेकडे कुरी.

मी हे कशावरून ठरवलं ते सविस्तर सांगतो, म्हणजे पुढच्या वेळी तुम्हालाही ओळखता येईल. पहिली खूण भोकांच्या दिशेची. तुमच्या तिसऱ्या फोटोत वाटी उलटी ठेवली आहे. त्यात भोकं सरळ खाली न जाता एकमेकांपासून फाकत जाताना दिसतात. मेणबत्ती खोचायला कुणी तिरपं भोक पाडणार नाही. नळे खाली वेगवेगळ्या फणांकडे जायचे असतात, म्हणून सुताराने गिरमिट तिरपं धरलं. दुसरी खूण, वाटीच्या आत भोकांच्या मधोमध असलेला उंचवटा. त्याच्यावर पडलेलं धान्य चारही बाजूंना सारखं घसरतं. तो नसता तर एका तासात दाट आणि दुसऱ्यात विरळ पीक उगवलं असतं.

तिसरी खूण झिजेची, आणि कुठलीही अनोळखी वस्तू हातात आली की मी आधी हीच पाहतो. तुमच्या वाटीच्या बाहेरच्या अंगाला वाकसाचे, म्हणजे सुताराच्या तासायच्या हत्याराचे, घाव अजून स्पष्ट दिसतात, पण आतली बाजू आणि भोकांच्या कडा आरशासारख्या गुळगुळीत आहेत. त्या धान्याने घासल्या आहेत. ज्वारी, बाजरी, हरभरा, गहू यांचे दाणे कित्येक हंगाम तिथून घरंगळत गेले तेव्हा कुठे लाकूड असं झालं. काठाचीही एकच बाजू जास्त झिजली आहे. पेरणाऱ्याची मूठ तिथे टेकायची.

त्या मुठीबद्दल दोन शब्द जास्त लिहिल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. ‘चाड्यावर मूठ धरणे’ हा आपल्याकडे पेरणी करण्यालाच दुसरा शब्द आहे. एक जण बैल हाकायचा, आणि पाभरीमागे चालत दुसरा, अनेकदा घरातली बाई, ओटीत बी घेऊन मुठीतून चाड्यात सोडायची. मूठ न थांबता फिरती ठेवायची, बोटांच्या फटीतून दाणे सारखे गळू द्यायचे, आणि बैलांची चाल वाढली की हातानेही वेग घ्यायचा. कुठेही गिअर नाही, माप नाही. एकरी किती बी पडतंय याचा हिशोब त्या मुठीत. माझी आजी रब्बीच्या ज्वारीला चाड्यावर असायची. मी लहानपणी एकदा हट्टाने मूठ धरली, तर माझ्या तासांत ज्वारी झुपक्यांनी उगवली आणि ते तास शेतात लांबून ओळखू यायचे. गावात चांगल्या मुठीच्या बाईला पेरणीच्या दिवसांत आधीपासून सांगून ठेवावं लागे.

चार फण आहेत यावरून पिकाचाही थोडा अंदाज करता येतो. गव्हाच्या दोन ओळींत ९ इंचांच्या आसपास अंतर पुरतं, ज्वारीला साधारण १८ इंच लागतं. जवळच्या ओळींसाठी जास्त फण, लांबच्या ओळींसाठी कमी. तुमच्या आजोळी गहू-हरभरा होत असेल तर चार भोकं त्याच्याशी जुळतात. पण एवढ्यावरून खात्रीने सांगू नये. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा. एकच भोक असलेली अशीच छोटी वाटी मिळाली तर ती पाभरीची समजू नका. ते मोघ्याचं किंवा सरत्याचं तोंड. पाभरीमागे एकच नळा दोरीने ओढत नेऊन त्यातून तुरीसारखं आंतरपीक वेगळ्या ओळीत टाकायचे.

हे अवजार साधं दिसतं म्हणून त्याला कमी लेखू नका. अठराव्या शतकाच्या शेवटच्या दशकात कॅप्टन थॉमस हालकॉट नावाच्या इंग्रजाने दक्षिण भारतात शेतकऱ्यांकडे असंच पेरणीचं अवजार पाहिलं आणि त्याची माहिती विलायतेच्या शेतकी मंडळाला कळवली. तोवर ओळीत पेरणारं यंत्र ही युरोपची नवी युक्ती आहे, अशी त्याची समजूत होती.

वय किती, हेही तुम्ही विचारलंय. नुसत्या चाड्यावरून वय सांगणं कठीण आहे, कारण गावचा सुतार बलुत्यावर पिढ्यान्‌पिढ्या हाच घाट करत आला. नंतर पत्र्याची चाडी आणि प्लास्टिकच्या नळ्या आल्या, पुढे ट्रॅक्टरची पेरणीयंत्रं आली. पण लाकडी चाडी काही शिवारांत त्यानंतरही चालू होती. त्यामुळे कुणी ‘दोनशे वर्षांपूर्वीची’ म्हणून किंमत सांगितली तर पुरावा मागा. पुण्याच्या जुन्या बाजारात अशी चाडी पॉलिश करून फळं ठेवायची वाटी म्हणून विकलेली मी पाहिली आहेत, आणि प्रत्येक वेळी वाईट वाटलं.

तुम्ही तसं करू नका, ही कळकळीची विनंती. सँडपेपर अजिबात नको. तो लागला की धान्याने केलेली झीज गेली, आणि ओळख पटवणारी खूण तीच आहे. कोरड्या ब्रशने धूळ झाडा. भोकांत अडकलेले दाणे निघाले तर कागदात बांधून ठेवा, त्यावरून शेवटचं पीक कळेल. लाकूड फारच कोरडं वाटलं तर जवसाच्या तेलाचा अगदी पातळ हात द्या, कारण ते वाळतं. खोबरेल वाळत नाही, त्याच्यावर धूळ चिकटते. भर उन्हात ठेवू नका, तडा जाईल. बारीक छिद्रांतून ताजी पूड पडत असेल तर भुंगा जिवंत आहे, तेव्हा बाकी लाकडी सामानापासून वेगळं ठेवा.

आणि माळ्यावर पुन्हा एकदा चढा. हात-दोन हात लांबीच्या, आतून गाठी फोडून पोकळ केलेल्या चार बांबूच्या नळ्या कुठे दिसतात का पाहा. जळण समजून त्या आधी टाकल्या जातात. सापडल्या तर एकेक करून चाड्यात खालून बसवून बघा आणि तो फोटो इथे टाका.