बाबांना भाजी आणू दे

बोरिवली, रविवार सकाळ

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा परवाचा मेसेज दोनदा वाचला. मुलुंडचा फ्लॅट, अकरावा मजला, दोन लिफ्ट, खाली बाग, आणि शेवटी : 'आई-बाबांना एकदाचं सुखात ठेवायचंय, मॅडम.' त्या 'एकदाचं'पाशी मी अडले. फोन केला असता तर तू 'हो मॅडम, हो मॅडम' म्हणत दुसऱ्या हाताने मेल टाइप करत बसला असतास. बँकेच्या शाखेत माझ्यासमोर बसूनही तेच करायचास. म्हणून लिहून पाठवते.

लालबागची खोली सोडायला हवी, यात वाद नाही. रात्री दोन वाजता बादली घेऊन गॅलरीच्या टोकापर्यंत जाणाऱ्या माणसाला चाळीचा गोडवा कुणी सांगू नये. सांगणारे बहुतेक स्वतः ब्लॉकमध्ये राहतात. मीसुद्धा २०१७ साली गिरगाव सोडलं ते गुडघ्यांपायीच. मी ६६ वर्षांची होते, आमचे हे ७१ चे.

आल्या आल्या मुलाने सगळं लावून दिलं. दूध दारात, किराणा फोनवरून, औषधं घरपोच, लाइटबिल त्याच्या खात्यातून परस्पर. यांना करायला काही उरलंच नाही. गिरगावात हा माणूस दिवसातून पाचदा जिना उतरायचा. दूध, पेपर, भाजी, इस्त्रीचे कपडे. आणि संध्याकाळी काहीच काम नसेल तर 'जरा बघून येतो'. काय बघून येतात ते चाळीस वर्षांत मला कळलं नाही. बोरिवलीत पहिले तीन महिने ते सोफ्यावर बसून होते. टीव्ही चालू असायचा, पण आवाज बंद. आपला धंदा हिशेबाचा, म्हणून मी एकदा मनातल्या मनात मांडला : पाच फेऱ्या, फेरीला आठ माणसं, म्हणजे दिवसाला चाळीस 'काय अण्णा, कसं काय?' हे सगळं जमेच्या बाजूला होतं. एका टेम्पोच्या फेरीत ते शून्यावर आलं, आणि ते कुठल्याच पासबुकात दिसत नाही.

फक्त महिन्यातून एकदा त्यांना तरतरी यायची, कारण त्या दिवशी ते केस कापायला चर्नी रोडला जायचे. बोरिवलीत सलून काय कमी आहेत? पण हा गृहस्थ दोन वर्षं लोकलने केस कापायला गेला. डोक्यावर केस किती होते ते विचारू नकोस. मुलगा चिडायचा. मीही आधी चिडले, मग गप्प बसले.

आणि एक दिवस गंमत झाली. चाळीत दार ओळखायला नंबर लागत नाही. कुणाच्या चपला, कुणाचं तोरण, कुणाच्या उंबऱ्यावरची रांगोळी. इथे सगळे मजले एका साच्यातले. हे नवव्याऐवजी दहाव्यावर उतरले आणि भलत्याच कुलपाशी किल्लीची खटपट करत राहिले. आतून एका गृहस्थांनी दार उघडलं. अंगात बनियन, हातात चष्मा. आमचे हे त्यांनाच विचारतात, "तुम्ही इथे काय करताय?" त्या बिचाऱ्यांनी आधी मागे वळून आपलंच घर आहे ना ते पाहिलं, आणि मग म्हणाले, "आवो, बेसो." भुलेश्वरातून आलेले गुजराती काका. सहा महिने वॉचमनखेरीज कुणाशी बोलले नव्हते. दुसऱ्या दिवसापासून दोघं मिळून भाजीला जायला लागले. भाजीला, गप्पा मारायला नव्हे. दोन म्हाताऱ्या पुरुषांना 'बसा, गप्पा मारा' म्हटलं की ते गप्प बसतात. पापडी कोवळी की जून यावर मात्र तासभर भांडतात, आणि भांडता भांडता एकमेकांची पोरं-नातवंडं कळतात.

म्हणून माझं पहिलं सांगणं : घर सगळं लावून देऊ नकोस, कामं शिल्लक ठेव. पहिले सहा महिने भाजीचं, किराण्याचं ॲप आई-बाबांच्या घरासाठी वापरू नकोस. बाबांना भाजी आणू दे. पहिल्या महिन्यात त्यांना लोक फसवतील, मेथीची जुडी दहा रुपयांनी महाग देतील. देऊ देत. ती ओळखीची फी समज.

तूच एकदा सांगितलं होतंस की १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा बाबा गिरणीत बदली कामगार, म्हणजे गैरहजर कामगाराच्या जागी कामावर घेतले जाणारे, होते, आणि संपाच्या काळात खालच्या वाण्याने घरात उधारीवर धान्य भरलं. लालबागमध्ये बाबांची पत आहे. आपण बँकवाले पत म्हटलं की पगाराची स्लिप मागतो. वाण्याने त्यांचं तोंड पाहिलं होतं, रोज, अनेक वर्षं. ही पत मुलुंडला ट्रान्स्फर होत नाही. ती तिथे पुन्हा पहिल्या रुपयापासून उभी करावी लागते, आणि ज्याची त्यालाच करावी लागते. तू भरलेलं मेंटेनन्स त्यात धरलं जात नाही.

वरळीच्या बीडीडी चाळींतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये नव्या टॉवरच्या किल्ल्या मिळाल्या. १६० चौरस फुटांतून ५०० चौरस फुटांत गेली माणसं. पण ती जाताना शेजार बरोबर घेऊन गेली. तुझे आई-बाबा एकटे चाललेत, हा फरक लक्षात घे. फ्लॅट त्याहून मोठा असला तरी.

टोकन दिलंस का? दिलं नसेल तर एक कर. बाबांना घेऊन संध्याकाळी सहा वाजता तिथे जा. गाडी घरी ठेवून, लोकलने. स्टेशनपासून रिक्षा, आणि मग गेटपासून सगळं चालत, त्यांच्या वेगाने. गेट ते लिफ्ट किती अंतर आहे? मध्ये टेकायला जागा आहे का? औषधाचं दुकान, डॉक्टर, भाजी हे सगळं रस्त्याच्या कुठल्या बाजूला? एलबीएस रोडसारखा वाहता रस्ता ओलांडून भाजी आणायची असेल तर ती भाजी बाबांसाठी नाहीच, असं धरून चाल. ब्रोशरमधला स्विमिंग पूल बघायला मात्र थांबू नकोस, त्यात कुणी उतरणार नाहीये.

मुलुंड निवडलंस ते मात्र छान केलंस, आणि मला वाटतं तुला स्वतःला त्याचं कारण माहीत नाही. धिमी गाडी पकडली की करी रोडला थेट. गाडी बदलायची नाही, दादरचा पूल चढायचा नाही. बाबा जातील अधूनमधून. जाऊ दे. 'तिकडे आता काय ठेवलंय?' हा प्रश्न विचारू नकोस. आईचंही तसंच. उन्हाळ्यात ती लालबागच्या मिरची गल्लीत मसाला करायला जाते ना? मिरच्या निवडून, वाळवून, भाजून, डंकावर समोर उभं राहून कुटून घेणारी बाई ती. यंदा तिला सांगू नकोस की आता मुलुंडमध्येच तयार मिळतो. उलट दोन किलो जास्त करायला सांग. आमच्या मजल्यावर माझी ओळख झाली ती गोड्या मसाल्याच्या बरणीतून. समोरची बाई दोन वर्षं नुसती हसायची, आणि बरणी परत करायला आली ती दीड तास बसली.

घराच्या आतलं थोडक्यात. संडास-बाथरूममध्ये धरायला दांडे सामान जायच्या आधी बसवून घे, नंतर ते बसवायचे राहूनच जातात. चकचकीत टाइल्सवर ओला पाय टिकत नाही, तेव्हा तिथे तरी खरखरीत टाइल लाव. जन्मभर मोरीत बसून आंघोळ केलेल्या माणसाला शॉवर नको, स्टूल आणि बादली दे. आणि आईचं कपाट टाकून देऊ नकोस, कितीही कुरकुरत असो. त्या कुरकुरीवरून तिला अंधारात आपण कुठे आहोत ते कळतं.

आता पैशाचं. इथे मी मॅडम म्हणूनच बोलणार.

खोली पागडीची आहे, म्हणजे सुरुवातीला मालकाला एकरकमी पैसे देऊन कायमच्या भाड्याने घेतलेली. 'कुलूप लावून ठेवतो, रिडेव्हलपमेंटला येईल तेव्हा बघू' असा तुझा विचार दिसतोय. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ : सबळ कारणाशिवाय जागा सलग सहा महिने वापरात नसेल तर मालक त्या कारणावर ताबा मागू शकतो. म्हणून नुसतं कुलूप नको. तिथे खरंच राहणं-वावरणं असू दे, भाड्याच्या पावत्या, लाइटबिलं जपून ठेव आणि मुलुंडला सामान हलवण्याआधी वकिलाला विचार, नंतर नव्हे. उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीचा उपकर भरणाऱ्या जुन्या इमारतीच्या पुनर्विकासात भाडेकरूला निदान ३०० चौरस फुटांची जागा मिळते, तेव्हा हक्क सांभाळण्यासारखा आहे. शक्य असेल तर मुलुंडला आधी अकरा महिने भाड्याने राहून बघा, असं मी म्हणेन. तू ऐकणार नाहीस, तरी सांगते.

खोली विकून ते पैसे फ्लॅटमध्ये घालणार असशील तर करारावर बाबांचं नाव पहिलं हवं. तुझं दुसरं. तू चांगला मुलगा आहेस म्हणूनच सांगते. वाईट मुलांना मी पत्रं लिहीत नाही. काउंटरपलीकडून मी एकाहून अधिक म्हातारी माणसं पाहिली आहेत जी सगळं मुलांच्या नावावर करून मोकळी झाली आणि मग पेन्शनच्या दिवशी पासबुक भरायला आली तरी घरी जायची घाई नसायची. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात कलम २३ आहे : सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, सांभाळ केला नाही तर परत मिळवता येते. पण आपल्याच पोराविरुद्ध अर्ज करायला किती आई-बाप जातात? बक्षीसपत्राची घाई नको. मृत्युपत्र करा, दोन साक्षीदार घ्या. आणि सोसायटीत नॉमिनी लावला म्हणजे तो मालक झाला असं नसतं, हे तुला तरी मी पुन्हा सांगायला नको.

बाकी कागद : मतदार यादीसाठी फॉर्म ८, आधारचा पत्ता, गॅस, रेशनकार्ड. एका आठवड्याचं काम आहे, बाबांना बरोबर घेऊन कर. हयातीचा दाखला आता मोबाइलवर चेहरा दाखवून घरबसल्या होतो, पण मी तरी नोव्हेंबरात बँकेत जाऊनच देते. लॉकरही जुन्याच शाखेत राहू दे. गैरसोयीचं आहे, म्हणूनच म्हणते. वर्षातून चारदा लालबागला जायला सबब लागते माणसाला.

आणि दार. चाळीत दार दिवसभर उघडं, म्हणून कुणाचं दार आठ वाजले तरी बंद दिसलं की चार माणसं चौकशीला येतात. टॉवरमध्ये सगळ्यांचीच दारं बंद, तेव्हा कुणाचं उघडायचं राहिलं ते कळणार कसं? पहिल्या महिन्यात एक घर शोध आणि किल्लीचा एक जोड तिथे ठेव. वॉचमनकडे नको, ते बदलतात. १०८ आणि ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७ हे नंबर फ्रिजवर मोठ्या अक्षरांत लाव, पण भिस्त शेजारच्या किल्लीवर ठेव. आमची आणि दहाव्या मजल्यावरच्या काकांची एक खूण ठरलेली होती : सकाळी नऊला दारातला पेपर आत गेलेला नसेल तर बेल वाजवायची. दोनदा वाजवूनही दार उघडलं नाही तर किल्ली लावायची. तीन वर्षांपूर्वी हे गेले, त्या सकाळी मी माहेरी पुण्याला होते. मुलाला कळायच्या आधी, मला कळायच्या आधी काका आत पोचले होते. डॉक्टरांना त्यांनीच बोलावलं, आणि मी येईपर्यंत खुर्ची ओढून यांच्याजवळ बसून होते. भाजीची पिशवी त्यांच्या पायाशी तशीच होती.

हलायचं कधी ते ठरव, पण गणपतीच्या आधी नको. आईला शेवटचा गणपती लालबागमध्ये करू दे आणि दिवाळीनंतर निघा. टेम्पोत सामान चढवशील तेव्हा दारावरची बाबांच्या नावाची पाटी आणि तिचे स्क्रू वेगळ्या डबीत ठेव. मुलुंडला गेल्यावर सगळ्यात आधी ती लाव.

नऊ वाजत आले. पेपर अजून दारातच आहे, आणि काका वेळेचे पक्के आहेत.

तुझी,
मॅडम